संरक्षण आणि सामरिकशास्त्र माजी विद्यार्थी मेळावा: तुमचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

ग्रुपवर रोज तेच तेच प्रश्न येतायत आणि उत्तरं शंभर मेसेजच्या खाली गाडली जातायत, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्याने विचारलं त्याच्याच शब्दात प्रश्न ठेवलेत, थोडेफार जोडून घेतलेत. वाचा आणि बॅचच्या ग्रुपवर पुढे पाठवा.

हे नक्की आहे काय, गेट-टुगेदर की सेमिनार?

दोन्ही, पण नेहमीच्या सेमिनारसारखं नाही. पेपर वाचन नाही, पीपीटी नाही, स्टेजवर दहा खुर्च्या नाहीत. आपल्या डिपार्टमेंटमधून बाहेर पडलेली माणसं आज कुठे कुठे आहेत बघा, कोणी फौजेत, कोणी जिल्ह्याच्या कॉलेजात शिकवतंय, कोणी पत्रकार, कोणी नाशिकला द्राक्षं एक्सपोर्ट करतंय, कोणी शिपिंग कंपनीत, कोणी पोलिसात. आंतरराष्ट्रीय संबंध वर्गात शिकलो ते सिद्धांत म्हणून, आणि आता यातला प्रत्येक जण त्याच विषयाचा एकेक तुकडा रोज कामावर हाताळतोय. ते तुकडे दोन दिवस एका टेबलावर मांडायचे, एवढंच आहे हे. मला मनापासून वाटतं की असं ज्ञान कुठल्याही पुस्तकात मिळत नाही आणि ते आपल्याकडे फुकट वाया चाललंय.

कधी आणि कुठे?

डिसेंबरचा तिसरा शनिवार-रविवार, पुण्यात, आपल्या विद्यापीठातच. शनिवारी सकाळी साडेनऊला सुरू, रविवारी दुपारच्या जेवणानंतर संपेल. डिसेंबर यासाठी की १९ डिसेंबर म्हणजे गोवा मुक्तिदिन, आणि आपला मोठा गेम त्याच विषयावर आहे (खाली सविस्तर लिहिलंय). विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकचं वेगळं सांगायला नको, औंध-बाणेरकडून येणाऱ्यांनी अर्धा तास जास्त धरून निघा.

मी दुसऱ्या डिपार्टमेंटचा आहे, राज्यशास्त्र केलंय. चालेल का?

चालेल. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, परदेशी भाषा, सगळे चालतील, विषयात रस असला की झालं. मागे एकदा रशियन शिकलेली एक मैत्रीण आली होती, तिने मूळ रशियन बातम्या आणि त्यांची इंग्रजीतली भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्या दिवशी आम्हाला कळलं की आपण रशियाबद्दल जे वाचतो ते किती चाळण्यांतून गाळून आलेलं असतं.

मी एनडीएतून आलोय, डिग्री जेएनयूची आहे. माझं इथे काय?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी उत्तर तेच, या. खडकवासल्याच्या एनडीएतल्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) पोरांना डिग्री जेएनयूची मिळते आणि वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा कोर्स केला की मद्रास विद्यापीठाची एमएस्सी, म्हणजे कागदावर तुम्ही आमचे नाहीच. पण पुण्यात राहून हा विषय शिकायचा आणि फौजेशी बोलायचंच नाही हे कसं जमणार, दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, एनडीए इथे, दारूगोळ्यापासून पुलांपर्यंत संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या (सरकारची संरक्षण संशोधन संस्था) लॅब पाषाणला, सुतारवाडीला, दिघीला. म्हणून आम्ही "माजी विद्यार्थी" हा शब्द सैल धरलाय.

सर्व्हिसमध्ये असलेल्यांना बोलता येईल का? अडचण नको यायला.

काळजी बरोबर आहे, म्हणून नीट सांगतो. सेवेत असलेल्या कोणाकडूनही भाषणाची अपेक्षा नाही. तुम्ही ऐकायला या, गेममध्ये खेळा, गेम १९६१ चा आहे, त्यात आजचं काहीच येत नाही. सध्याच्या पोस्टिंगबद्दल, युनिटबद्दल, साहित्याबद्दल कोणी तुम्हाला विचारायचं नाही, कोणी विचारलं तर सूत्रसंचालक तिथेच थांबवेल. ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट १९२३ चा आहे आणि तो आजही लागू आहे, हे सिव्हिलियन मंडळींनी पण लक्षात ठेवा, कारण तो फक्त वर्दीवाल्यांना लागू होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये.

निवृत्त लोकांसाठी अजून एक. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्था आहेत (आयबी, रॉ, डीआरडीओ, बीएसएफ, सीआरपीएफ वगैरे), तिथून रिटायर झालेल्यांनी आपल्या संस्थेच्या कामाबद्दल काही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी लागते, पेन्शनच्या नियमात तशी दुरुस्ती मे २०२१ मध्ये झाली. म्हणूनच आपण काही रेकॉर्ड करत नाही आणि कुठे छापत नाही. तरी शंका असेल तर आपल्या जुन्या ऑफिसला विचारूनच या, आम्ही अजिबात वाईट वाटून घेणार नाही.

चॅटम हाउस रूल म्हणजे काय? व्हॉट्सअ‍ॅपवर काहीच टाकायचं नाही का?

टाकायचं, पण नाव न घेता. मेळाव्यात आपण पाळतोय तो हा नियम लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेत १९२७ साली सुरू झाला, नंतर १९९२ आणि २००२ मध्ये त्याचे शब्द सुधारले. सोप्या मराठीत सांगायचं तर जे ऐकलं ते वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठल्या संस्थेचा हे सांगू नका. "काल एक जण म्हणाला की बंदरात कंटेनर इतके दिवस अडकले" हे चालेल. "अमुक कंपनीतला अमुक म्हणाला" हे चालणार नाही. हॉलमध्ये बोलतानाचे फोटो पण नकोत. चहाच्या वेळी ग्रुप फोटो काढू, तो बिनधास्त टाका.

यावर एकाने विचारलं की आपण काय एवढे मोठे लागून गेलो की असला नियम हवा. माझं म्हणणं असं की मोठ्या लोकांना हा नियम नसला तरी निभतं, त्यांच्यामागे पद असतं. ज्याची नोकरी साधी आहे, ज्याचा साहेब उद्या विचारेल की तू तिकडे काय बोललास, त्यालाच याची जास्त गरज. नियम आहे म्हणून तर माणूस खरं बोलतो.

तो गेम काय प्रकार आहे? कॉम्प्युटरवर खेळायचा का?

नाही, टेबलावर. नकाशा, चिठ्ठ्या, फासे आणि माणसं. असे युद्धखेळ दोनशे वर्षांपासून खेळले जातायत, प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास याचे रीतसर नियम तयार झाले आणि आज जगभरच्या स्टाफ कॉलेजांत याचं कुठलं ना कुठलं रूप असतंच.

आपला विषय आहे गोवा, नोव्हेंबर-डिसेंबर १९६१. सात टेबलं: दिल्ली, लिस्बन, पणजीतला गव्हर्नर जनरल, वॉशिंग्टन, मॉस्को, आफ्रिका-आशियातले नवे स्वतंत्र देश, आणि सातवं टेबल गोव्याच्या आतल्या नि बाहेरच्या मुक्तिसैनिकांचं. प्रत्येक टेबलावर चार-पाच जण. आपली पाळी आली की तुमच्या टेबलाने सांगायचं की आम्ही हे करतोय आणि ते जमेल याची ही तीन कारणं, मग बाकीच्यांनी सांगायचं की का जमणार नाही, अंपायर दोन्ही ऐकून ठरवतो की फाशावर किती पडले तर जमलं. मधेमधे अंपायर बातम्या सोडतो. पहिली बातमी आत्ताच सांगतो कारण ती सगळ्यांना माहीत हवी: १७ नोव्हेंबरला अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या 'साबरमती' या प्रवासी बोटीवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. इथून पुढे तुम्ही बघा.

गोवाच का, असं विचाराल तर मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही, कारण आपल्याकडे गोवा मुक्ती म्हटलं की लोकांना वाटतं ३६ तासांचं ऑपरेशन, १८ ला सैन्य घुसलं, १९ ला शरणागती, संपलं. पण त्या ३६ तासांच्या मागे भारत स्वतंत्र झाल्यापासूनची चौदा वर्षं आहेत. पोर्तुगाल नाटोचा (अमेरिका आणि पश्चिमेकडच्या देशांची लष्करी आघाडी) संस्थापक सदस्य, मग नाटो मधे पडेल का? उत्तर कराराच्या सहाव्या कलमात आहे, नाटोचं संरक्षण कुठल्या प्रदेशाला लागू होतं ते तिथे लिहिलंय आणि गोवा त्यात बसतच नाही. अमेरिकेला पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा तळ हवा होता आणि त्याचा करार १९६२ मध्ये संपणार होता, म्हणून केनेडी सरकारला लिस्बनला पूर्ण दुखवून चालणार नव्हतं. दुसरीकडे फेब्रुवारी १९६१ पासून पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात उठाव पेटलेला आणि आफ्रिकेतले देश भारताला विचारतायत की तुमच्या अंगणातला पोर्तुगाल तुम्ही हलवत नाही तर आम्हाला काय सांगता. सोव्हिएत नेते ब्रेझनेव त्याच दिवसांत भारताच्या दौऱ्यावर. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावावर बाजूने ७ मतं पडली आणि विरोधात ४, रशियाचा व्हेटो (नकाराधिकार) नसता तर ठराव पास होता. विरोधातल्या चार मतांत रशियासोबत सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होते, म्हणजे ज्या नव्या देशांना आपण सातवीच्या भूगोलात रंगवून सोडून दिलं ते त्या दिवशी आपल्या बाजूने उभे होते. आणि लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून, आणि पणजीत बसलेला गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वा, ज्याच्याकडे जेमतेम तीन-चार हजार सैनिक, मुरगावच्या बंदरात एक जुनी युद्धनौका. तो शरण गेला आणि त्यामुळे किती जीव वाचले, पण मायदेशी त्याला अपमान सोसावा लागला. त्या टेबलावर बसाल तेव्हा कळेल की निर्णय घेणं काय असतं.

आणि यात पुणे कुठे आहे ते पण बघा. ऑपरेशन दक्षिण कमांडचं, कमांडर ले. जनरल जे. एन. चौधरी. त्याआधी गोवा विमोचन सहायक समिती पुण्यातून काम करत होती, जयंतराव टिळक त्यात होते, १९५५ च्या सत्याग्रहाला इथून माणसं गेली. १९५४ ला दादरा-नगर हवेली मुक्त करायला गेलेल्यांत आपले सुधीर फडके होते. १९६१ ला दमणवर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन गेली. म्हणून सातवं टेबल मुद्दाम ठेवलंय, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकात साध्या माणसांचं टेबल सहसा नसतं, आणि १९६१ ची गोष्ट त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही.

मी बारा वर्षं बँकेत आहे, विषयातलं काही आठवत नाही. गेममध्ये हसं होईल का?

नाही होणार. प्रत्येक टेबलाला आठवडाभर आधी दोन पानं मिळतील, मराठीत: तुमच्याकडे काय आहे, तुम्हाला काय हवंय, कशाची भीती आहे. तेवढं वाचून या. मागच्या वेळी सगळ्यात चांगला खेळ एका बँकवाल्या ताईंनीच केला होता, कारण समोरच्याला नेमकं काय हवंय आणि तो कितीला तयार होईल हे त्या रोज काउंटरवर बघत होत्या.

द्राक्षांचं सेशन आहे म्हणे. त्याचा इथे काय संबंध?

खूप संबंध आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, भाडं वाढलं, विमा वाढला. आणि बरोबर जानेवारीत नाशिकचा द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. द्राक्ष म्हणजे लोखंड नाही, रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये ठेवलं तरी तो घड दिवस मोजत असतो. आपला एक बॅचमेट यात आहे, तो दिंडोरीच्या बागेपासून न्हावा शेवा ते रॉटरडॅम असा एका कंटेनरचा प्रवास सांगणार आहे, कोणी कुठे किती पैसे सोसले त्यासकट.

त्याच्यासोबत कांदा पण घेतोय. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उठली. लासलगावच्या शेतकऱ्यासाठी तो भावाचा प्रश्न होता हे आपल्याला माहीत आहे, पण बांगलादेशातल्या ग्राहकासाठी तो भारत भरवशाचा शेजारी आहे का याचा प्रश्न होता. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार कमी बोलली जाते आणि मला ती बोललेली हवी आहे.

पाकिस्तान आणि चीनवर चर्चा आहे का? भांडणं होतील अशी भीती वाटते.

आहे, रविवारी सकाळी. २२ एप्रिल २०२५ चा पहलगामचा हल्ला, त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसं पण गेली, मग सिंधू पाणी करार स्थगित, ७ मे ला ऑपरेशन सिंदूर, १० मे ला लढाई थांबली. आणि चीनच्या बाजूला जून २०२० ची गलवानची झटापट ते ऑक्टोबर २०२४ चा गस्तीचा समझोता. हे विषय टाळून सामरिकशास्त्राचा मेळावा घेण्यात अर्थ नाही.

पण एक पद्धत ठेवलीये. पहिला पाऊण तास फक्त "काय झालं" आणि "करारात काय लिहिलंय" एवढंच. सिंधू करार १९६० चा आहे, त्यात पूर्वेच्या तीन नद्या आपल्या, पश्चिमेच्या तीन मुख्यतः त्यांच्या, आणि पश्चिमेच्या नद्यांवर आपल्याला काय काय बांधता येतं हे त्यात बारकाईने लिहिलंय. पाणी "बंद" करायचं तर ते साठवायला धरणं लागतात, कालवे लागतात, वर्षं लागतात. हे एकदा सगळ्यांसमोर नीट आलं की नंतर मतं मांडा, हवी तेवढी कडक मांडा. कोणाच्या देशप्रेमावर शंका घ्यायची नाही, ही एकच अट. हल्ल्यात ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय किंवा ज्यांचा मुलगा आत्ता सीमेवर आहे असं कोणी आपल्यात बसलेलं असू शकतं, हे बोलताना डोक्यात असू द्या.

भाषा कुठली?

मराठी. अडेल तिथे इंग्रजी, हिंदी. डिटरन्सला प्रतिरोधन म्हणायचं की धाक, यावर आपण वर्गात भांडलोय, मला अजूनही धाक जास्त बरोबर वाटतो कारण आजीला पण कळतो. बीड, धुळे, गडचिरोलीच्या कॉलेजांत शिकवणारे आपले लोक सांगतात की पोरं हुशार आहेत पण वाचायला मराठीत नवं काही नाही, २०१० च्या आधीच्याच नोट्स फिरतायत. म्हणून गेमची सगळी पानं मराठीत करतोय आणि मेळाव्यानंतर ज्याला हवी त्याला देणार, कॉलेजात जाऊन खेळवा.

सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन?

नाही. एका मेळाव्याला मी गेलो होतो, कुठला ते सांगत नाही, तिथे सकाळचे अडीच तास सत्कारात गेले आणि सोलापूरहून पहाटेच्या गाडीने आलेल्या एका सरांना बोलायला सात मिनिटं मिळाली. ते सर नंतर कधी आले नाहीत. आपल्या सरांचा आणि मॅडमचा मान आपण त्यांचं नीट ऐकून घेऊन ठेवूया. त्यांना पहिल्या रांगेत नाही, टेबलावर बसवणार आहोत, आपल्यासोबत.

परदेशातले बॅचमेट येऊ शकतात का?

या. पण ऑनलाइन फक्त शनिवारी संध्याकाळचं एक सेशन आहे, बाकी बंद, कारण वर सांगितलेला चॅटम हाउसचा नियम ऑनलाइन पाळता येत नाही.

आपल्या वर्गात इराणचे, अफगाणिस्तानचे, आफ्रिकेतले मित्र होते. त्या संध्याकाळच्या सेशनमध्ये त्यांच्याशीच बोलायचंय. एक अफगाण मित्र आमच्यासोबत दोन वर्षं मेसमध्ये जेवला, मराठी शिव्या आणि मराठी अभंग दोन्ही त्याला यायचे, काबूलला परत जाऊन नोकरीला लागला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यानंतर महिनाभर त्याचा मेसेज नव्हता. आता तो तिसऱ्याच देशात आहे, बरा आहे. तो येणार आहे स्क्रीनवर, त्याला उगाच मोठे प्रश्न विचारू नका, त्याची मुलगी शाळेत जाते का ते विचारा, ती जाते, आणि ते सांगायला त्याला आवडतं.

मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीबद्दल कोणी खरं सांगेल का?

सांगेल, शनिवारी दुपारी, आणि फक्त विद्यार्थ्यांसाठी. थोडक्यात आत्ताच लिहितो. परराष्ट्र सेवेत जायचं तर रस्ता यूपीएससीचाच, मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. राम साठे, विजय गोखले यांच्यासारखी मराठी माणसं परराष्ट्र सचिव झालेली आहेत आणि ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावातून जाऊन राजदूत झाले, त्यामुळे आपल्याला नाही जमणार हे डोक्यातून काढा. शिकवायचं तर नेट (कॉलेजात शिकवायची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), आपल्या विषयाची स्वतंत्र नेट आहे. थिंक टँक (धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्था) बहुतेक दिल्लीत, सुरुवातीला पगार कमी आणि घरभाडं जास्त, हे माहीत असूनच जा. मुंबईत गेटवे हाउस आहे, पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथले कार्यक्रम ऐकायला जात जा. आणि एखादी भाषा नीट शिका, चिनी, फारसी, रशियन, कुठलीही. बँका, शिपिंग, विमा कंपन्यांना आता जगातल्या घडामोडी वाचून धोका सांगणारी माणसं लागतात, तिथे भाषा येणारा उमेदवार पुढे जातो. इंटर्नशिपसाठी सिनियरला थेट विचारा, लाजू नका, आम्ही त्यासाठीच येतोय.

पैसे किती?

विद्यार्थ्यांना शून्य. बाकीच्यांनी जेवढं जमेल तेवढं, पाकिटात घालून डब्यात टाका, कोणी किती टाकले हे कोणी बघणार नाही. हिशोब ग्रुपवर येईल.

राहायचं, खायचं, मुलांना आणायचं?

राहायला बाहेरगावच्यांनी आधी सांगा, पुण्यातली सहा-सात घरं तयार आहेत. सकाळी पोहे, दुपारी साधं जेवण, जैन आणि उपवासाचं वेगळं. मुलं आणा, दहा वर्षांच्या पुढची मुलं गेममध्ये चिठ्ठ्या पोचवायचं काम करतील, पणजीहून लिस्बनला तार न्यायची ती उशिरानेच न्यायची असा नियम आहे आणि मुलांना तो फार आवडतो.

रविवारी सकाळी चालायला जायचंय ते काय?

साडेसहाला मुख्य इमारतीपाशी. ही इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला होता, २२ जून १८९७ च्या रात्री रँड इथूनच समारंभ आटोपून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याला गाठलं. तिथून पुढे वडांखालून एक चक्कर, वाटेत इतिहासवाली मंडळी सांगत जातील. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कँटीनपाशी चहाचा थांबा आहे.

जुनी पुस्तकं, नोट्स आणू का?

आणा, जरूर आणा. विशेषतः हाताने लिहिलेल्या मराठी नोट्स आणि १९७१, १९९९ च्या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं. दारात टेबल असेल, आणणाऱ्याचं नाव आणि बॅच लिहून घेऊ, स्कॅन करून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ.